तुम्ही चिरता काय?

सुक्या खोबऱ्याच्या वाटीत सुरी रुतली ती निघेना. मी मनगट जरासं वळवलं आणि 'टिच्' असा बारीक आवाज आला. दिव्याखाली धरून पाहिलं तर धारेतून करंगळीच्या नखाच्या कोरीएवढा तुकडा उडाला होता. तो खोबऱ्यात गेला की ओट्यावर पडला ते कळेना. म्हणून चिरलेलं सगळं खोबरं टाकून दिलं, ओटा तीनदा ओल्या फडक्याने पुसला, आणि त्या रविवारचा गोडा मसाला राहून गेला.

ती माझी पहिली जपानी सुरी. टोकियोत राहायला येऊन चार महिने झाले होते आणि मी ती निव्वळ नक्षी पाहून घेतली होती. पात्यावर पाण्याच्या लाटांसारख्या रेघा होत्या, डब्यावर '६७ थर' असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, थर जास्त म्हणजे सुरी चांगली. आज कुणी मला विचारलं तर मी हात धरून सांगेन की थर मोजू नका. ते थर बाहेरच्या कवचाचे असतात. कापतो तो मधला, एकुलता एक कठीण पोलादाचा थर, आणि तो बिननक्षीच्या साध्या सुरीतही तोच असू शकतो. नक्षी सुंदर दिसते हे खरंच आहे, आवडत असेल तर जरूर घ्या. पण तिचे पैसे आपण डोळ्यांसाठी देतोय, कांद्यासाठी नाही, एवढं माहीत असू द्या.

सुरीत काही खोट नव्हती. ती मी चुकीच्या कामाला लावली होती.

मी विळीवर वाढले. गुहागरला आमच्या स्वयंपाकघरात सुरी होती ती पाव आणि केक कापायला. बाकी सगळं विळीवर. पाटावर एक पाय दुमडून बसायचं आणि समोरच्या पात्यावर भाजी न्यायची. विळीचं पातं जागचं हलत नाही, हलतो तो आपला हात. कोथिंबीर तिच्यावर, फणस तिच्यावर, सुरण तिच्यावर, बांगडा तिच्यावर, नारळ वाढवला की टोकाच्या खवणीवर खोबरंही तिच्यावरच. पातं तसं मऊ आणि चांगलं जाड असतं. अडकलं तर हिसका द्या, काही होत नाही. बोथट झालं की आई पायरीच्या दगडावर पाजवायची, नाहीतर पावसाळ्याआधी दारावर धारवाला यायचा. एकच हत्यार, सगळी कामं, आणि वरून आडदांड वापर. माझ्या हाताला हीच सवय.

जपानी सुरी याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिचं पोलाद खूप कडक असतं. कडकपणा मोजायचं रॉकवेल नावाचं माप आहे. त्यावर युरोपातल्या घरगुती सुऱ्या साधारण ५६ ते ५८ भरतात, जपानी सुऱ्या ६० ते ६२, काही त्याहून वर. ऐकायला फरक दोन-चार आकड्यांचा, पण हाताला केवढा तरी. पोलाद कडक असलं की धार खूप बारीक कोनात काढता येते, एका बाजूला १५ अंशांच्या आसपास, आणि ती जास्त दिवस टिकते. पण कडक म्हणजे ठिसूळही. वाकायच्या जागी ती तुटते. वरून सरळ दाब ती बऱ्यापैकी सोसते, आडवा पीळ मात्र तिला सोसत नाही. मी खोबऱ्यात नेमका तोच दिला.

तुटलेली सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात घालून मी काप्पाबाशीला गेले. (इथे धारदार वस्तू उघडी घेऊन फिरता येत नाही. ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे दुकानात नेतानासुद्धा नीट बांधूनच न्यायची.) उएनो आणि आसाकुसा यांच्या मधला हा रस्ता फक्त स्वयंपाकाच्या सामानाचा. तावारामाची स्टेशनला उतरलं की पाच-सात मिनिटांत कोपऱ्यावरच्या इमारतीच्या माथ्यावर पांढरी उंच टोपी घातलेल्या आचाऱ्याचं अवाढव्य मुंडकं दिसतं. तिथून पुढे जवळजवळ ८०० मीटर दुतर्फा पातेली, वाडगे, चाळण्या, हॉटेलच्या खिडकीत मांडायचे मेणा-प्लास्टिकचे खोटे पदार्थ, आणि सुऱ्या. पुण्याच्या तुळशीबागेत आणि तांबट आळीत वाढलेल्या माणसालाही इथे वेळेचं भान राहत नाही. रविवारी मात्र बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवार गाठा.

मी एका जुन्या, अरुंद दुकानात शिरले. भिंतीवर दोन्हीकडे सुऱ्याच सुऱ्या, मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. सत्तरीचे एक आजोबा गल्ल्याशी बसले होते. मी माझी सुरी पुढे केली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, धारेवरून नखाचं टोक हलकेच नेलं, आणि तुटल्या जागी थांबले. "काय कापलंत?" मी फोनवर सुक्या खोबऱ्याचा फोटो दाखवला. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खरबरीत दगडावर घासून तुटका भाग नाहीसा करता येईल म्हणाले, पातं दोनेक मिलिमीटर अरुंद होईल, आठवड्याने या. मग मी म्हटलं, मला दुसरी घ्यायची आहे, चांगली.

यावर त्यांनी एकही सुरी काढली नाही. आधी विचारलं, "तुम्ही चिरता काय?"

मला हा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता. मी स्वतःलाही केला नव्हता. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत मी मोजायला लागले. कांदा रोज, टोमॅटो रोज, कोथिंबीर रोज. कोबी, फरसबी, दुधी, वांगी, पालक. मेथी मिळाली तर मेथी. मासे इथे साफ करून, काप करूनच मिळतात. कोंबडी महिन्यातून दोनदा, तीही तुकडे केलेली. ते मान डोलावत गेले. मग तीन प्रश्न आणखी : उजव्या हाताने की डाव्या? फळी केवढी? आणि धार स्वतः लावाल का?

शेवटच्या प्रश्नावर मी गप्प झाले. आईची पायरी आठवली. म्हटलं, शिकेन.

मग त्यांनी गल्ल्यावर तीन सुऱ्या मांडल्या.

पहिली ग्युतो, २१० मिलिमीटर, माझ्या तुटकीचीच बहीण. 'ग्युतो' या शब्दाचा सरळ अर्थ गाईची तलवार. जपानमध्ये शतकानुशतकं मांसाहाराला, निदान उघड मांसाहाराला, आडकाठी होती. १८७२ मध्ये सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि वारं बदललं. पाश्चात्त्य आचाऱ्यांच्या सुरीवरून मांसासाठी ही सुरी घडवली गेली. पातं लांब, पुढे निमुळतं, धार पोटाशी गोलाई घेतलेली. पाठीमागून पुढे झोका देत कापणाऱ्यांना ही फार आवडते.

दुसरी सांतोकू, १६५. 'सान' म्हणजे तीन, 'तोकू' म्हणजे गुण. मांस, मासे, भाजी असा त्या तीन गुणांचा अर्थ सहसा लावतात. ही खास घरासाठी, विसाव्या शतकात रूढ झालेली. ग्युतोचं टोक आणि भाजीच्या सुरीचा सपाटपणा एकत्र आणलेली. जपानी घरांत आज सर्वांत जास्त हीच दिसते. कुणाला एकच सुरी घ्यायची असेल आणि फार विचार करायचा नसेल, तर सांतोकू घ्यावी, पस्तावायची पाळी येत नाही.

तिसरी नाकिरी. 'ना' म्हणजे पालेभाजी, 'किरी' म्हणजे कापणारी. चौकोनी, पातळ, टोक नसलेली, धार जवळजवळ सरळ रेषेत. मी पाहताक्षणी हिला कोयत्याची धाकटी बहीण समजले आणि भ्याले. पण ती कोयता नाहीच. पातं इतकं पातळ की हाडाला लावायची सोय नाही.

आजोबांनी फळीवर कांद्याची हिरवी पात ठेवली आणि म्हणाले, कापा. ग्युतोने मी नेहमीसारखी खटाखट वरून खाली कापली. उचलून पाहिली तर तळाशी एक धागा राहिलेला, चकत्या माळेसारख्या लोंबत होत्या. माझ्या घरची कोथिंबीर अशीच लोंबायची आणि मी दोष धारेला द्यायचे. धार गोल, फळी सपाट. मी सुरी झुलवत नाही, सरळ खाली आणते, त्यामुळे धारेचा थोडाच भाग फळीला टेकत होता. नाकिरीने तीच पात कापली. पूर्ण धार एकदम टेकली आणि चकत्या सुट्या सुट्या पसरल्या. माझा हात जसा चालतो तशी ही सुरी होती. हात बदलायची गरजच नव्हती.

हे मला फार मोलाचं वाटतं, म्हणून थोडं लांबवून सांगते. सुरी घेताना दुकानात हातात धरून, फळीवर टेकवून पाहा. मुठीत कोंबून धरू नका. अंगठा आणि तर्जनीने पात्याची मुळाशी चिमूट धरा, उरलेली तीन बोटं मुठीभोवती. आता धार फळीला टेकवा. बोटांची पेरं फळीवर आपटतायत का? आपटत असतील तर पातं तुमच्यासाठी अरुंद आहे, कितीही नावाजलेलं असो. तोल कुठे आहे तेही पाहा. गोल किंवा अष्टकोनी लाकडी मुठीची सुरी पुढे जड लागते, पाश्चात्त्य धाटणीच्या, खिळे मारलेल्या मुठीची मागे. लाकडी मूठ बहुधा होनोकी नावाच्या झाडाची असते. हे लाकूड हलकं, ओल्या हातातून न निसटणारं, आणि खराब झालं तर ठोकून काढून नवं बसवता येतं. आमच्याकडे विळीचा पाट फुटला की पातं तेच ठेवून नवा पाट करून घेत, अगदी तसंच.

मग आला पोलादाचा प्रश्न, आणि इथेच घेणारा सर्वांत जास्त गोंधळतो. नावं कानावर पडतात : शिरोगामी, आओगामी, व्हीजी-१०. शिरोगामी म्हणजे पांढरा कागद, आओगामी म्हणजे निळा कागद. पोलादाचा रंग तसा नसतो. शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या कारखान्यातून हे पोलाद ज्या रंगाच्या कागदात येई, त्यावरून ही नावं पडली. शिरोगामी म्हणजे जवळपास शुद्ध लोखंड आणि कार्बन. त्याला धार चटकन आणि केसासारखी येते. आओगामीत त्याच पोलादात क्रोमियम आणि टंगस्टन थोडं मिसळतात, मग धार जास्त टिकते. दोन्ही गंजतात. व्हीजी-१० फुकुई प्रांतातलं, त्यात १५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, म्हणून ते गंजाला दाद देत नाही. माझी तुटकी याच पोलादाची होती.

गंजतं म्हटल्यावर इथल्या माझ्या बहुतेक भारतीय मैत्रिणी हात मागे घेतात. मला मात्र ते ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. लोखंडी विळीवर केळफूल चिरलं की पातं काळं पडायचं आणि बोटंही. वांगं चिरलं की फोडी लगेच पाण्यात. विळी वापरून झाली की धुवायची, पुसायची, आडवी करून भिंतीशी ठेवायची, हे आम्हा मुलींना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. कार्बन पोलादाच्या सुरीला याहून वेगळं काहीच लागत नाही. ज्यांना चिरून झाल्यावर सुरी तशीच मोरीत टाकायची सवय आहे त्यांनी स्टेनलेस घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. सवय पोलादापेक्षा चिवट असते.

मी घेतली ती नाकिरी १६५ मिलिमीटरची. मधे आओगामी, दोन्ही बाजूंनी स्टेनलेसचं कवच. म्हणजे उघडं पोलाद फक्त धारेलगतच्या तीन-चार मिलिमीटरच्या पट्टीत. किंमत १४,३०० येन, आपले आठ हजारांच्या आसपास. नक्षी नाही, झगमगाट नाही. आजोबांनी छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन, ठक् ठक् करत, माझं माहेरचं आडनाव काताकाना लिपीत पात्यावर कोरून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. वर निक्षून सांगितलं, दगड आजच न्या. १००० नंबरचा, म्हणजे मध्यम खरबरीत, धारेचा दगड मी तिथेच घेतला.

पहिल्याच आठवड्यात धारेच्या पट्टीवर कांद्या-लिंबाने रंग चढला. आधी पिवळट, मग राखाडी, मग कबुतराच्या मानेवर असतो तसा निळा-जांभळा. हा गंज नव्हे. हा थर बसला की पोलाद पुढे गंजायला कमी धजतं. लाल डाग दिसला तर मात्र लगेच घासून काढायचा.

आता धारेबद्दल, कारण माझ्या मते खरी सुरी इथेच ठरते. वीस हजारांची बोथट सुरी आणि दोनशे रुपयांची बोथट सुरी, दोन्ही टोमॅटो चेचतातच. महिन्या-दीड महिन्याने एका रविवारी मी दगड पाण्यात बुडवते. दहा-एक मिनिटं त्यातून बुडबुडे येत राहतात, ते थांबले की दगड प्यायला असं समजायचं. ओल्या फडक्यावर तो ठेवायचा म्हणजे सरकत नाही. पात्याच्या पाठीखाली दहा येनची दोन-तीन नाणी मावतील इतकी पाठ उचलायची, हाच कोन. मग डाव्या हाताची बोटं धारेच्या जवळ टेकवून सावकाश पुढे-मागे. 'सर्र सर्र' असा एकसुरी आवाज यायला हवा. आवाज बदलला की कोन बदलला. दगडावर करडा चिखल जमतो, तो धुवायचा नाही, तोच कापतो. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने धारेवरून अंगठा आडवा, धारेपासून बाहेरच्या दिशेने, अलगद न्यायचा. सूक्ष्म खरखर लागली म्हणजे पोलाद पलीकडे उलटलं, या बाजूचं काम झालं. सुरी पालटायची, पुन्हा तेच, शेवटी ती खरखर हलक्या हाताने काढून टाकायची. पहिल्यांदा मला पाऊण तास लागला आणि धार आली ती निम्मीच. चौथ्या वेळेला वीस मिनिटांत टोमॅटोची चकती फळीवर स्वतःच्या वजनाने पडली. त्या ओल्या दगडाचा आणि लोखंडाचा वास थेट आमच्या मागच्या पायरीचा. त्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, कोपर वर कशाला उचलतेस? खांद्यातून ने." चौदा-पंधरा वर्षांची असताना हेच तिने विळीसाठी सांगितलं होतं. खांद्यातून नेलं आणि आवाज एकसारखा झाला.

आणि कांदा खरंच कमी रडवतो. बोथट धार कांद्याच्या पेशी चिरडते, तीक्ष्ण धार त्या कापते. चिरडलेल्या पेशींतून डोळ्यांना झोंबणारा वायू जास्त सुटतो. सहा कांदे उभे चिरून मी परवा डोळे न पुसता मिसळीचा कट केला.

गेल्या शरदात आम्ही ओसाकाला गेलो तेव्हा मी जवळच्या साकाईसाठी, सुऱ्या घडवणाऱ्या लोहारांच्या गावासाठी, एक अख्खा दिवस मागून घेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात तंबाखू आणली (तेच पोर्तुगीज, ज्यांच्या गलबतांतून आपल्याकडे गोव्याला मिरची उतरली), आणि ती पानं चिरायच्या सुऱ्या साकाईचे लोहार करू लागले. त्या इतक्या उत्तम निघाल्या की पुढे शोगुनच्या राजवटीने त्यांवर 'साकाई किवामे' असा शिक्का द्यायला सुरुवात केली. तिथे आजही एक सुरी एक माणूस करत नाही. घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. घडवणारा पातं तापवून पाण्यात बुडवतो. आपल्याकडे 'पाणी देणं' म्हणतात तेच. तिथून अर्धवट पातं गल्लीतल्या दुसऱ्या घरी धारवाल्याकडे जातं. म्हणून साकाईच्या सुरीवरचं नाव वाचताना लक्षात ठेवायचं, ते पुष्कळदा दुकानाचं असतं, मागे तीन-चार जोडी हात असतात. एका बाजूनेच धार असलेल्या, सुशीवाल्यांच्या यानागिबा आणि माशांच्या देबा तिथे पाहत मी तासभर उभी होते. घेतली एकही नाही. मी काय चिरते हे मला आता ठाऊक होतं.

तुटकी ग्युतो दुरुस्त होऊन आली, ती कलिंगड आणि कोबीचे मोठे गड्डे कापते. सुक्या खोबऱ्याला, कच्च्या सुरणाला आणि इथल्या दगडासारख्या काबोचा भोपळ्याला जपानी सुरी लावत नाही. त्यासाठी गेल्या फेरीत गुहागरहून आईची घडीची विळी आणली आहे. टोकियोच्या सोळाव्या मजल्यावर वर्तमानपत्र अंथरून, एक पाय दुमडून मी तिच्यावर खोबरं चिरते. गोडा मसाला त्यानंतर दोनदा झाला.

हे सगळं लिहायचं निमित्त पुण्याची वहिनी. मी डिसेंबरात येतेय कळल्यावर म्हणाली, "मलाही तुझ्यासारखीच एक आण." मी तिला म्हटलं, वहिनी, माझ्यासारखी नको. ती डावखुरी आहे. बऱ्याच जपानी सुऱ्यांची धार उजव्या हाताच्या हिशेबाने एका बाजूला कललेली असते, तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखी आहे ना हे दुकानात विचारावं लागेल. घरी चिकन असतं, फळं असतात, सासूबाई आणि कामाच्या मावशी असे तीन हात सुरीला लागतात आणि पुसून ठेवायची जबाबदारी कुणा एकीची नाही, म्हणजे स्टेनलेस. तेव्हा सांतोकूच. सोबत पाच येनचं नाणं ठेवीन. सुरी भेट दिली की नातं तुटतं अशी समजूत इथेही काही जण मानतात, आणि पाच येनला 'गो-एन' म्हणतात, ज्याचा उच्चार ऋणानुबंधाच्या शब्दासारखाच होतो. वहिनी ते मला उलटं देईल, म्हणजे सुरी विकत घेतल्यासारखी झाली. विमानात ती अर्थातच चेक-इन बॅगेत, खोक्यात, कपड्यांच्या मधोमध. दगडही त्यातच.

फक्त लांबी ठरायची आहे. तिची फळी मोजून आज रात्री कळवते म्हणालीय. ३० सेंटिमीटरच्या आत असेल तर १६५, त्याहून मोठी असेल तर १८०.